फळीखाली सात रांजण

वैदर्भीने क्योतोहून आणलेल्या चाळीस मिनिटांत
म्हातारा एकदाच पाय आपटतो
आणि नेमका तिथेच आवाज नाही.
कुठलीशी वायर निघाली होती म्हणे.
“तेवढा एक ठोका दे,” म्हणाली, “बाकी काही नको.”

मी आवाज बनवतो. तुर्भ्यात, मसाला बाजाराच्या मागे,
भाड्याच्या गाळ्यात.
ओल्या टॉवेलातून मारामाऱ्या,
जुन्या छत्रीतून कबुतरं.
रात्री दोननंतर, ट्रक थांबले की.
तरी मिरचीचा ठसका येतोच,
दर चौथा टेक माझ्या खोकल्यात जातो.

पडद्यावर हिराओका-सान. वय सत्याऐंशी.
अकरा मिनिटं नुसते पांढरे मोजे चढवतो.
मग उभा राहतो,
आणि बऱ्याच वेळाने आपल्याला कळतं की तो उभा आहे.
टाच न उचलता सरकतो,
भरली घागर घेऊन शेवाळावरून जावं तसा.
मुखवटा नाही, तरी चेहरा घरी ठेवून आलेला.
मग गुडघा वर. थांबतो.
पाऊल.

तिथल्या रंगमंचाखाली म्हणे
मोठाले मातीचे रांजण ठेवतात.
वर नटाचा पाय, खाली रिकाम्या पोटांचा हुंकार.

कोपरखैरण्याला पुलाखाली द्वारकाबाई पेणकर माठ विकते.
“सात रांजण? लग्न आहे का घरात?”
म्हटलं, नाही, एक जपानी म्हातारा आहे.
“बरं,” म्हणाली.
बोटाच्या पेराने एकेकाला टकटक करून कान दिला,
दोन बाजूला सारले: “हे बोलत नाहीत.”
आठवड्याचं भाडं वेगळं, अनामत नऊशे.

टेम्पो, विटा, फळ्या, माइक.
पहिल्या रात्री मी आपटलो. दार लावल्यासारखं.
दुसऱ्या रात्री तौफिक, तालुक्याला कबड्डी खेळलेला:
भांडण झाल्यासारखं.
मोजे घालून. अनवाणी. कमरेला वाळूची पिशवी बांधून.
हळू आपटलं तर चोर वाटायचा.
ठोका बरोबर चौकटीवर बसायचा
आणि म्हातारा मात्र हवेतच.

आठव्या दिवशी द्वारकाबाई आपला माल न्यायला आली.
रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता.
चपला दाराशी काढल्या, सवयीने.
फळीवर चढली, एक हात पदराला, एक माझ्या खांद्यावर.
डावी टाच उचलली. वातामुळे फार उचलत नाही.
जराशी थांबली
आणि ठेवली.

खालून सातही जणांनी हुं केलं.
“सहा शाबूत,” ती म्हणाली.
“एकाला केस गेलाय. तुम्ही लोकांनी नाचवला.”

रात्री तो आवाज त्याच्या पावलाखाली सरकवला.
तीन चौकटी उशिरा पडत होता.
ओढून पुढे घेतला, तर मेला.
परत मागे, होता तिथे.
टाच टेकते, मग काही नाही,
मग कुठून तरी खोलातून येतो तो,
चिरेसकट.
तौफिक म्हणाला, “उतरला, भाई.”

वैदर्भी फोनवर बराच वेळ गप्प.
मग विचारलं, नावांच्या पाटीवर काय लिहायचं?
म्हटलं, लिही: पाऊल, द्वारकाबाई पेणकर.

मी मोबाइलवर दाखवायला घेऊन गेलो, भर दुपारी.
मोजे चढवणं तिने सगळं पाहिलं,
माठाचा भाव विचारणाऱ्याला हाताने थांबवून.
“एवढं आवरून जायचंय कुठं त्यांना?”
कुठं नाही, म्हटलं. एवढंच आहे.
“घरी कोण आहे?”
ते मला माहीत नव्हतं.

गुडघा वर गेला, थांबला,
आणि डोक्यावरून पुलाची बस गेली.
ठोका ऐकूच आला नाही.
तिने फोन पालथा केला,
पाठीवर पेराने दोनदा टकटक केलं,
कानाशी धरला.

मग परत दिला, आणि सोबत अनामतीचे सातशे.
दोनशे एका रांजणाचे.
तो आता गाळ्यात असतो, दाराशी.
त्यात मी छत्र्या ठेवतो.